जोऱ्याच्या मागावर: पेठ-सुरगाण्याचे ओढे आणि तीन नंबरचा फ्लाय रॉड

नाशिकहून फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी (फ्लाय) फेकून मासे धरायची काठी, घेऊन निघायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिमाचल येतं. तीर्थन नदी, ट्राउट, बर्फाचं पाणी. ते पाणी सुंदरच आहे, पण तिथली ब्राउन ट्राउट मूळची तिथली नाही. १९०० च्या सुमारास विलायतेहून बोटीने आणलेल्या अंड्यांपासून ती काश्मीरमध्ये रुजली आणि पुढे हिमाचलात पोचली. डोंगरातल्या ओढ्याचा मूळ रहिवासी फ्लायवर घ्यायचा असेल, तर पेठ नाक्यावरून गाडी काढावी. दीड-दोन तासांत आपण त्याच्या दारात असतो. त्याचं नाव जोऱ्या. गावागणिक नाव बदलतं, म्हणून ओळख सांगतो: बोटभर ते वीतभर लांबीचा, रुपेरी, आणि अंगावर वरून खाली उतरणारे निळसर-काळे पट्टे. इंग्रजीत याच्या जातभाईंना 'हिल ट्राउट' म्हणतात. नात्याने हा रोहू-कटल्याच्या गोतातला, राहणी मात्र ट्राउटची: वाहतं स्वच्छ पाणी, दगडांमधली धार, आणि वरून पडलेल्या किड्यावर झडप.

आमची नेहमीची फेरी तीन दिवसांची. नाशिक-करंजाळी-पेठ पहिल्या दिवशी, पेठहून आतल्या रस्त्यांनी सुरगाणा दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी बोरगाव-वणी-दिंडोरीवरून घरी. ओढ्यांकडे जाणारे फाटे धरून साधारण अडीचशे किलोमीटर होतात. पेठ रोडला रामशेज मागे टाकून घाट उतरलं की पाण्याची दिशाच बदलते. इकडचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला, तिकडचं दमणगंगा, नार, पार या नद्यांतून अरबी समुद्राला. आम्ही ओढ्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. दहा पावलं रुंदीच्या ओढ्यात एका डोहात मासे असून असून किती असणार? एका रविवारी आठ गाड्या उभ्या राहिल्या तर तो डोह वर्षभर सावरत नाही. नकाशावर निळी रेघ रस्त्याला जिथे छेदते तिथे थांबा, फरशीवरून खाली पाहा. तळाचे दगड दिसतात का आणि पाणी वाजतंय का, एवढं बघितलं तरी पुरे.

दिवस निवडताना घाई नको. जून ते सप्टेंबर हात लावायचा नाही. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला वर चढतात, शिवाय ओढा केव्हा फुगेल याचा भरवसा नसतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी निवळतं. नोव्हेंबर सगळ्यात चांगला: धार जिवंत असते, भाताची कापणी उरकत आलेली असते, आणि काठावरच्या गवतात नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे मुबलक असतात. डिसेंबर सरता सरता धार तुटते आणि ओढ्याचे सुटे डोह होतात. मग रॉड गुंडाळून ठेवावा. कोंडलेल्या, तापत जाणाऱ्या पाण्यातला मासा खेळवून सोडला तरी तो जगेल याची खात्री नसते.

आता सामान. रॉड दोन किंवा तीन वेटचा, साडेसहा ते साडेसात फूट. वेट म्हणजे रॉडला साजेशा लाईनच्या वजनाचा नंबर; माशी फेकली जाते ती या लाईनच्याच वजनाने. नऊ फुटी पाच वेटचा रॉड धरणावर ठीक, इथे तो जांभळाच्या फांद्यांत अडकतो, आणि बोटभर मासा लागल्याचं हाताला कळतही नाही. दुकानदार तीन वेटच्या रॉडला तीनचीच लाईन देतो. आम्ही चारची लावतो. कारण साधं आहे: इथे चार-पाच मीटरच्या पलीकडे फेक जातच नाही, म्हणजे रॉडच्या टोकाबाहेर लाईन जेमतेम दोन-अडीच मीटर असते, आणि तेवढ्या वजनाने रॉड वाकत नाही. एक नंबर जड लाईन घेतली की जवळच्या फेकीतही तो काम करतो. पुढे साडेसात फुटी निमुळता लीडर (लाईनपुढची बारीक नायलॉनची दोरी), ५एक्सचा, आणि त्याला सहाएक इंच कमी दोन फूट ६एक्स टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा तुकडा. एक्सचं, म्हणजे जाडीचं, गणित लक्षात ठेवायला सोपं: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उत्तर हजारांश इंचात. ६एक्स म्हणजे ०.००५ इंच, साधारण ०.१३ मिलिमीटर. दोन्ही जोडायला तीन वेढ्यांची सर्जन गाठ, गळाला पाच वेढ्यांची क्लिंच गाठ. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायचीच. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं, गाठीपाशी कुरळं होतं आणि पहिल्याच झटक्याला तुटतं. 'मासा तोडून गेला' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टी या कोरड्या गाठीच्या असतात.

डासांचं मलम लावलेल्या हाताने लाईनला हात लावू नका. डीट हे रसायन लाईनवरचा प्लास्टिकचा थर विरघळवतं. लाईन चिकट होते, तडकते आणि बुडायला लागते. मलम लावायचंच असेल तर पंजाच्या मागच्या बाजूने लावा आणि तळवे ओढ्यापासून लांब, साबणाने धुऊन घ्या.

फ्लाय विकत मिळतात, पण जोऱ्यासाठी लागणारी माशी घरी दहा मिनिटांत बांधता येते, आणि तिचं सामान सुरगाण्याच्या कुठल्याही अंगणात पडलेलं असतं: मोराच्या पिसाचे दोन केसर आणि गावठी कोंबड्याच्या मानेचं एक पीस. गळ १८ नंबरचा. आकडा वाढला की गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. आधी पकडीने गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करायचा. हे सगळ्यात आधी, कारण १८ नंबरचा गळ दाबताना मोडला तर निदान बांधलेली माशी वाया जात नाही. मग बारीक काळा दोरा गळाच्या डोळ्यामागून (टिपेट ओवायच्या भोकामागून) सुरू करून वाकणापर्यंत न्या. तिथे कोंबड्याचं पीस टोकाकडून बांधा. पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या दीडपट असावेत, जास्त नको. त्याच जागी मोराचे दोन्ही केसर बांधा, दोऱ्याभोवती पीळ देऊन दोरीसारखे करा आणि डोळ्याच्या जरा अलीकडेपर्यंत गुंडाळत आणा. पीळ देणं महत्त्वाचं, नाहीतर पहिल्या माशाच्या दातांशिवायच्या तोंडानेसुद्धा केसर तुटतो. शेवटी पीस चार-पाच उघड्या वेढ्यांनी पुढे आणा, बांधा, डोळ्यामागे थोडी जागा सोडून गाठ मारा. ही जागा न सोडणं ही सगळ्यांची पहिली चूक. डोळा दोऱ्याने भरतो आणि ओढ्यावर टिपेट आत जात नाही.

अशा सहा, १६ नंबरच्या काळ्या फोमच्या मुंग्या चार, आणि पाण्याखाली चालवायला फेझंट टेल निम्फ (अळीसारख्या बुडणाऱ्या माश्या) चार. एवढ्यावर तीन दिवस निघतात. फेकीचा सराव मात्र घरून करून जावं. आमची मंडळी गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, पहाटे, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करतात. पाच मीटरवर वर्तमानपत्राचं एक पान ठेवायचं आणि दहातल्या सात फेकी त्यावर पडेपर्यंत ओढ्याचा विचार करायचा नाही.

पहिल्या दिवशी पेठच्या अलीकडे-पलीकडे. नोव्हेंबरात सकाळी पाणी गार असतं, त्यामुळे उन्हं ओढ्यात उतरेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, जोऱ्या सुस्त. तोवर वाट बघत काठ वाचावा. नेहमी खालून वर जायचं. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागे राहतो. आधी डोहाचा शेवट, जिथे पाणी पातळ होऊन पुढच्या खळाळात उतरतं. तिथे गुडघाभरही पाणी नसतं, म्हणून लोक तिथूनच चालत पुढे जातात, आणि तिथले मासे वर पळून सगळ्या डोहाला वर्दी देतात. गुडघे टेकून बसा. ऊन पाठीवर असेल तर सावली पाण्यात पडेल, तेव्हा काठ बदला.

मागे करंज-उंबर असतील तर डोक्यावरून फेक विसरा. दोन गोष्टी येतात कामाला. एक रोल कास्ट, म्हणजे लाईन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे लोळवायची. दुसरी धनुष्याची फेक: रॉडच्या लांबीएवढी लाईन-लीडर बाहेर ठेवायची, माशी गळाच्या वाकणाला चिमटीत धरायची, टोक बोटांच्या बाहेरच्या बाजूला, रॉड वाकेपर्यंत मागे ओढायची, नेम धरून सोडायची. फांदीखालच्या हातभर फटीत माशी अशीच जाते. चिमटी वाकणाऐवजी टोकापाशी धरली तर गळ बोटात शिरतो. काटा सपाट केलेला असेल तर तो सरळ मागे निघतो, त्याचं हेही एक कारण.

माशी पडली की धारेबरोबर मोकळी वाहू द्यायची. लाईन जोरदार धारेवर आडवी पडली तर ती माशीला ओढते, पाण्यावर बारीक 'व्ही' उमटतो, आणि जोऱ्या त्याकडे फिरकतही नाही. रॉड उंच धरून धारेवरची लाईन पाण्याबाहेर ठेवली की हे टळतं. मोकळी माशी दोन-तीन हात वाहते न वाहते तोच पाण्यावर थेंबाएवढा ठिपका उठतो. हाच जोऱ्या. पाव सेकंदात तो माशी थुंकतो, म्हणून हात तयारच हवा, पण मनगट फक्त चार बोटं उचलायचं. ट्राउटच्या सवयीने झटका दिला तर बोटभर मासा हवेत उडून मागच्या झुडपात पडतो. ही चूक फार वाईट, कारण ती माशाच्या जिवावर बेतते.

हातात घ्यायच्या आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे बुरशी लागते. पाण्यातच तळहातावर धरून पाहा: दर खवल्याच्या मुळाशी एक काळा ठिपका, त्यावरून उतरणारे निळे पट्टे, परांना हलकी नारिंगी झाक, आणि तोंड अंगाच्या मानाने मोठं, डोळ्याखालपर्यंत चिरलेलं. नराच्या नाकाडावर कधी बारीक पांढरे खडे दिसतात. ते विणीचं लक्षण. असा मासा दिसला तर तो डोह सोडून पुढे जावं. श्वास रोखून दहा मोजेपर्यंत तो परत पाण्यात गेलेला असावा.

याच पाण्यात इतर बिऱ्हाडंही आहेत. दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मळ्या माशीकडे पाहत नाही. कपारीतला डोकऱ्या निम्फ घेतो आणि सरळ दगडाखाली घुसतो. मोठ्या नदीत खडशीची, म्हणजे महसीरची, पिल्लं भेटतात. इंग्रज लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक सायक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं घेतली, म्हणून मळ्याचा 'मुल्या' आणि खडशीचा 'खुद्री' आजही जगभर चालतो. खडशीच्या पिल्लांचा थवा दिसला की आम्ही लाईन गुंडाळतो. त्यांचे हाल आधीच पुरेसे आहेत.

हाल कशाने, ते दुसऱ्या दिवशी सुरगाण्याकडे जाताना दिसतं. गेळाची फळं ठेचून डोहात टाकण्याची पद्धत जुनी. तिच्यात मासे गुंगतात, पण वाहत्या पाण्यात तिचा असर लवकर ओसरतो. आता काही ठिकाणी ब्लीचिंग पावडर, जिलेटिनच्या स्फोटक कांड्या आणि विजेची तार आली आहे, आणि त्यात पिल्लं, खेकडे, किड्यांच्या अळ्या सगळंच संपतं. ओळखायची खूण सोपी: तळाचा दगड उलटा करा. खाली अळ्यांची घरटी, वळवळणारे चपटे किडे दिसले तर ओढा जिवंत. दगड गुळगुळीत, रिकामा असेल तर तिथे फेकून उपयोग नाही. दगड परत होता तसा ठेवा.

याच दिवसांत गावकरी पोत्यांचे वनराई बंधारे घालतात. बंधाऱ्यावरून चालू नये. एक पोतं घसरलं की त्यांची आठवड्याची मेहनत वाहून जाते. मासे बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यापेक्षा खालच्या गळतीच्या धारेत जास्त मिळतात. शेतातून जाताना खाचरात पाय न घालता बांधावरून जा, आणि आधी राम राम करून विचारा. रॉड बघून पोरं हमखास जमतात. त्यांच्या बांबूच्या काठीला आणि गांडुळाला तुमच्यापेक्षा जास्त मासे लागतील, हे आधीच धरून चला. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली तर डबा उघडू नका.

ढगाळ हवा असेल तर कान पाण्याकडे ठेवा. धार अचानक गढूळ झाली, पालापाचोळा वाहू लागला, तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे. लगेच उंच काठ गाठायचा, सामान गोळा करत बसायचं नाही. काळ्या दगडावरचं वाळलेलं शेवाळ धरतं, ओलं हमखास घसरवतं. मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे बूट घाला, आणि पायाला जखम असेल तर भातखाचरांतून आलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोच्या तापाचा धोका असतो.

परवानगीचं एक सांगायलाच हवं. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यांना विचारल्याशिवाय तिथे रॉड काढायचा नाही. भंडारदरा-रतनवाडीकडचे ओढे सुंदर आहेत, पण तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे फक्त बघायला जावं.

तिसऱ्या दिवशी बोरगावच्या बाजूला दुपारपर्यंतच पाणी मिळतं. पुढे वणीच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागतात, हंगाम सुरू झाला असेल तर. त्याआधी, घाटमाथ्याच्या अलीकडेच, बुटांचे तळवे घासून चिखल आणि शेवाळ काढून टाका, आणि बूट गाडीच्या टपावर उन्हात वाळत घाला. पश्चिमेच्या ओढ्यातली गोगलगायीची अंडी आणि शेवाळाचे तुकडे गोदावरीच्या खोऱ्यात आपल्या बुटांनी जायला नकोत. लाईन रीळवरून पूर्ण सोडून ओल्या फडक्याने पुसा, सैल वेटोळी करून सावलीत टांगा. माश्या डबीचं झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळवा, नाहीतर १८ नंबरचे गळ पंधरा दिवसांत गंजतात आणि पुढच्या खेपेला नेमका डोळ्यापाशी मोडतात.