पदवी की कौशल्य? तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, पदवीधरांना काम येत नाही आणि कारखान्यांना कामाची माणसं मिळत नाहीत. मग कॉलेजांवर एवढा खर्च कशाला? गरीब देशांनी सगळ्यांना थेट कौशल्यंच का शिकवू नयेत?” मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. पालक विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक म्हणून गेले होते. प्रयोग साधा होता. डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. त्याच्यावरचं व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं, दर वेळी करंट मोजायचा आणि आलेख काढायचा. प्रयोगवह्या देखण्या होत्या. एका मुलाला म्हटलं, “हे तिसरं रीडिंग मला परत घेऊन दाखव.” त्याने जोडणी बरोबर केली. मीटरवर शून्य. त्याने वायरी तपासल्या, पिना दाबून बघितल्या, रेंज बदलली. शून्यच. मग खाली बघत म्हणाला, “मॅडम, हा मीटर करंट दाखवतच नाही.” सहायकांनी मागचं झाकण उघडलं, तर आतला फ्यूज उडालेला. कधी उडाला ते त्यांनाही सांगता येईना. नव्या फ्यूजची मागणी स्टोअरकडे पडून होती. त्या टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांच्या वह्यांत मात्र मिलीअँपिअरमधले आकडे होते, दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत.

मुलांना मी रागावले नाही. हा आकडा तू कुठून आणलास, असं वर्षभरात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आता या मुलांना काय कमी पडलं, ज्ञान की कौशल्य? डायोडचं समीकरण त्यांना पाठ होतं. जोडणीही येत होती. शून्य दिसतंय म्हणजे खोट कुठे असेल, हे शोधत जायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्या शोधाला डोक्यातलं समीकरणही लागतं आणि हातातली सवयही. एकाला कॉलेजात ठेवून दुसऱ्याला वर्कशॉपमध्ये पाठवलं, तर हा शोध दोन्हीकडे शिकवला जात नाही.

शिवाय कॉलेजांवरचा खर्च आखडण्याचा प्रयोग होऊन गेलेला आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेसकट बऱ्याच मदत करणाऱ्या संस्थांचा हिशेब असा होता की प्राथमिक शाळेवर घातलेला पैसा जास्त परतावा देतो. प्राथमिक शाळांकडे लक्ष गेलं ते योग्यच झालं. पण त्यात विद्यापीठं मागे पडली, विशेषतः आफ्रिकेतली. ग्रंथालयात नवी पुस्तकं येईनात, पगारात भागेना, चांगले शिक्षक परदेशी गेले. अखेर २००० साली जागतिक बँक आणि युनेस्को यांनीच नेमलेल्या अभ्यासगटाने सांगितलं की तो हिशेब फार तोकडा होता, उच्च शिक्षणाचा समाजाला होणारा फायदा त्यात धरलाच नव्हता. शाळेला शिक्षक आणि दवाखान्याला डॉक्टर शेवटी तिथूनच येतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कॉलेजच्या वयाच्या मुलांच्या तुलनेत उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण आजही ९ टक्क्यांच्या आसपास आहे. जगाची सरासरी ४० टक्क्यांच्या घरात. तिथे कॉलेजं जास्त झाली असं म्हणवत नाही.

“पण मुलांनाच हाताने काम करायची लाज वाटते,” असंही ऐकते. फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने घानातल्या शाळांचा अभ्यास करून १९६५ साली याचं उत्तर दिलं होतं. तिथली मुलं पुस्तकी शिक्षणाकडे वळत होती, कारण चांगल्या पगाराची नोकरी त्या वाटेवर होती. त्यांचा हिशेब बरोबर होता. कारागिराचा पगार आणि पुढे चढायची शिडी तशीच ठेवून नुसत्या नव्या प्रशिक्षण संस्था उघडल्या, तर मुलं तिकडे का जातील? मला हे फार जिव्हाळ्याने सांगावंसं वाटतं, कारण आपण मुलांच्या मनोवृत्तीला नावं ठेवतो आणि त्यांच्यापुढे असलेली वाट बघतच नाही.

मग करायचं काय? मला सगळ्यात जास्त शिकवून जाणारं उदाहरण मलेशियातल्या पेनांगचं. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले आणि तंत्रज्ञांची ओढाताण सुरू झाली. एका कंपनीने माणूस तयार करायचा आणि शेजारच्या कंपनीने चार पैसे जास्त देऊन पळवायचा. मग शिकवण्यावर खर्च कोण करणार? यावर १९८९ साली राज्य सरकार, कंपन्या आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून पेनांग स्किल्स डेव्हलपमेंट सेंटर उभं केलं. ते चालवायची जबाबदारी कंपन्यांनीच घेतली. बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्यांनी तिथे यंत्रं दिली, शिकवायला आपली माणसं पाठवली आणि काय शिकवायचं ते एकत्र बसून ठरवलं. सगळेच खर्च करणार म्हटल्यावर माणूस पळवला जाण्याची भीती कमी होते. पुढे १९९२च्या कायद्याने मलेशियाने ठरावीक कंपन्यांवर पगारखर्चाच्या १ टक्का प्रशिक्षण-निधी लावला. ब्राझीलने तर १९४२ सालीच सेनाई ही संस्था काढून, उद्योगांकडून सक्तीने घेतलेल्या वर्गणीतून तिचा खर्च भागवायची सोय केली होती. शिकवण्यात ज्याचा पैसा आणि माणूस गुंतलेला असतो, तो अभ्यासक्रम जुना होऊ देत नाही.

जिथे मोठे कारखानेच नाहीत तिथे हे जसंच्या तसं चालणार नाही, हेही खरं. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक हुन्नर उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो. तो मोडून काढण्यापेक्षा, शिकाऊ मुलाला उस्तादाकडेच ठेवून जोडीला थोडं वर्गशिक्षण आणि सरकारमान्य प्रमाणपत्र द्यायची बेनिनची पद्धत मला शहाणपणाची वाटते.

माझ्या हातात मात्र ना कायदा आहे ना निधी. माझ्या हातात परीक्षा आहे. आणि परीक्षेत जे विचारलं जातं तेच वर्षभर शिकवलं जातं, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं.

म्हणून आमच्या विभागात मी आग्रह धरला आणि एका विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा बदलून घेतली. प्रत्येकाला चालू न होणारं एकेक सर्किट द्यायचं. एकच बिघाड, अर्धा तास, आणि तो कसा शोधला ते तीन ओळींत लिहायचं. बिघाड प्रत्येकाचा वेगळा. तयारीला आम्हा दोघी शिक्षिकांना दोन शनिवार लागले. चांगले बोर्ड मुद्दाम बिघडवणं आम्हालाही नवीन होतं.

पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलं अडकली. एक मुलगी मात्र पाच मिनिटं नुसती आकृतीकडे बघत बसली. मला वाटलं, हिला सुचत नाहीये. मग तिने मीटरची पिन थेट मधोमध, सर्किटला ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या रेग्युलेटरच्या आउटपुटवर ठेवली. ५ व्होल्ट. म्हणजे अलीकडचं सगळं ठीक. अर्धं सर्किट तिने एका मोजणीत बाजूला काढलं. उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मध्यावर गेली. तिसऱ्या मोजणीला एका रेझिस्टरच्या जोडापाशी पोचली. जोडाच्या अलीकडे ५ व्होल्ट, पलीकडे शून्य. तिने बोर्ड उजेडाकडे तिरका धरला, जोडावरचं कच्चं, निस्तेज सोल्डर (डाग) मला बोटाने दाखवलं आणि विचारलं, “मॅडम, हे दुरुस्त करूनच देऊ का?”

परीक्षेत दुरुस्तीला गुण ठेवलेले नव्हते. मी सोल्डरिंग गन तिच्या हातात दिली.