वर्तणूक : चांगली

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती' या रकान्यात 'चांगली' असं लिहिलंय आणि 'वर्तणूक' या रकान्यातही 'चांगली'. मिरजेच्या आमच्या शाळेतून त्या वर्षी बाहेर पडलेल्या सगळ्यांच्या कागदावर हेच दोन शब्द होते, एकाच शाईत, एकाच कारकुनाच्या वळणदार अक्षरात. नववीत असताना मी प्रयोगशाळेतली ब्युरेट फोडली, तुकडे कपाटामागे सारले आणि बाईंनी विचारल्यावर साळसूदपणे 'मला माहीत नाही' म्हणाले होते. दाखल्याला त्याचा पत्ता नाही. वर्तणूक चांगली म्हणजे चांगली.

हा दाखला मला आठवला तो लेक अकरावीत असताना, ऑक्टोबरात. तिच्या हायस्कूलमधून एका परिच्छेदाचं पत्र आलं. नॅशनल ऑनर सोसायटीसाठी यंदा आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बस. कारण नाही, गुण नाहीत, काही नाही.

इकडे न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या घरांत या सोसायटीला नुसतं एनएचएस म्हणतात, आणि ऑक्टोबर उजाडला की आयांच्या ग्रुपवर 'कोणाकोणाचं झालं?' सुरू होतं. भारतातल्या माझ्या मैत्रिणींना मी सांगताना म्हणते, समजा शाळेनं स्कॉलरशिपवाली मुलं, स्काउटवाली मुलं, वर्गाचे मॉनिटर आणि आदर्श विद्यार्थी हे सगळे एकाच चाळणीतून काढायचे ठरवले, तर जे होईल ते. १९२१ साली इथल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं ही सोसायटी काढली. मूळ कल्पना पिट्सबर्गच्या फिफ्थ अव्हेन्यू हायस्कूलचे मुख्याध्यापक एडवर्ड रायनियर्सन यांची, आणि पहिली शाखाही त्यांच्याच शाळेत. चिन्ह म्हणजे कमानीच्या माथ्यावर बसतो तो कळीचा दगड आणि त्यावर पेटती मशाल. दगडाच्या पायथ्याशी सी, एस, एल, एस ही चार अक्षरं. कॅरेक्टर, स्कॉलरशिप, लीडरशिप, सर्व्हिस. हे चार खांब. चारही हवेत, तीन भक्कम आणि एक कच्चा असं चालत नाही.

हे सगळं मी वाचलं ते निकाल लागल्यावर. "आधी वाचायला काय झालं होतं?" असं नवरा म्हणाला. त्यानं ते आजही वाचलेलं नाही.

त्या रात्री मी सोसायटीचे राष्ट्रीय नियम काढून बसले. मार्कांची अट तर सोपी आहे: आतापर्यंतची सरासरी पंच्याऐंशी टक्के, किंवा 'बी', किंवा चारपैकी तीन. याच्या खाली शाळेला जाता येत नाही, वर जाता येतं. आमच्या शाळेनं ती चारपैकी ३.७५ केली आहे. नववीतल्या मुलांना घेत नाहीत. दहावी, अकरावी आणि बारावी, तेही त्या शाळेत निदान एक सत्र झालेलं असलं तर. लेकीची सरासरी ३.९ होती. म्हणजे आम्ही जन्मभर ज्याला 'हुशार' म्हणतो तो मुद्दा पहिल्याच पायरीवर संपतो. मार्क म्हणजे दारापर्यंतचं तिकीट. आत कोण जाणार ते पाच शिक्षक ठरवतात.

या पाच जणांना फॅकल्टी कौन्सिल म्हणतात. मुख्याध्यापक त्यांना नेमतात, पण स्वतः त्यात बसू शकत नाहीत. सोसायटीचं काम बघणारे सल्लागार शिक्षक सहावे. ते बैठकीला असतात, पण त्यांना मत नाही. मुलानं भरलेला माहितीचा फॉर्म समोर ठेवून पाच जण मत देतात आणि बहुमतानं ठरतं. इथपर्यंत मला पटलं. पुढे जे वाचलं त्यानं मात्र डोकं फिरलं. आत घेतलेल्या मुलाला काढायचं असेल तर आधी लेखी कळवावं लागतं, कौन्सिलपुढे त्याची बाजू ऐकून घ्यावी लागते, वर मुख्याध्यापकांकडे दाद मागता येते. आणि आत घेतलंच नाही तर? तर अशी सुनावणी नाही. निवड हा हक्क नाही, मान आहे, असं त्यांचं म्हणणं. घरातल्याला हाकलायचं तर पंचायत बसवायची आणि दारातल्याला 'या' म्हणायचं की नाही ते दाराआडून ठरवायचं! (शांतपणे विचार केला तर यात तथ्य आहे. एकदा काढलेल्या किंवा स्वतःहून राजीनामा दिलेल्या मुलाला पुन्हा कधीच घेत नाहीत, म्हणून काढताना जपून. न घेतलेल्याला पुढच्या वर्षी दार उघडं असतं. पण त्या रात्री मी शांत नव्हते.)

माझी खात्रीच झाली होती की लेक कॅरेक्टरच्या खांबावर अडली. ती अबोल आहे. वर्गात हात वर करत नाही, शिक्षकांशी गप्पा मारत नाही. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, तेही दुसऱ्या फळीतलं, जे नीट वाजलं तर कोणाला ऐकू येत नाही. अशा मुलीचं कॅरेक्टर पाच जणांना कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी सांगलीहून सासूबाईंचा फोन. मी रागाच्या भरात बोलून गेले, "चारित्र्यात कमी पडली म्हणे ती."

पलीकडे एकदम शांतता. मग, "अगं, काय बोलतेस हे? कोण म्हणालं असं आपल्या पोरीबद्दल?"

मी जीभ चावली. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत 'चारित्र्य' हा शब्द एकाच अर्थानं निघतो, आणि तो निघाला की माजघरातल्या बायका दार लोटून घेतात. मुलाचं चारित्र्य म्हणजे तो खरं बोलतो का. मुलीचं म्हणजे ती कोणाबरोबर दिसली. मी सासूबाईंना समजावत बसले, की नाही हो आई, इथे कॅरेक्टर म्हणजे प्रामाणिकपणा, जबाबदारी, दुसऱ्याशी नीट वागणं. त्या म्हणाल्या, "मग तसं म्हण की. चारित्र्य काय म्हणतेस!"

पण 'इथे तसं नसतं' हे मी ज्या थाटात सांगितलं तो थाट दोनच दिवस टिकला. शोधता शोधता केंटकी राज्यातल्या ग्रँट काउंटीचा १९९८ सालचा खटला सापडला. तिथल्या हायस्कूलनं मार्कांच्या अटीत बसणाऱ्या दोन मुलींना या सोसायटीत घेतलं नाही. एक गरोदर होती आणि दुसरीला बाळ झालं होतं. लग्नाआधीचे संबंध म्हणजे कॅरेक्टरला बट्टा, असा हिशेब. बाकीच्या मुलांना, मुलग्यांना, कोणी तसं काही विचारलेलं नव्हतं. ज्यांचं पोटावरून दिसलं त्यांनाच तो नियम लागला. मुली कोर्टात गेल्या आणि फेडरल न्यायाधीशानं शाळेला त्यांना सोसायटीत घ्यायला लावलं. वाचून मला पहिल्यांदा सासूबाईंची ती शांतता आठवली. सांगली काय आणि केंटकी काय.

त्याच रात्री मी मुख्याध्यापकांना ई-मेल लिहिला. नऊ परिच्छेद. त्यात 'पारदर्शकता' तीनदा आणि 'अबोल मुलांवरचा अन्याय' दोनदा. नवरा म्हणाला, सकाळी पाठव. सकाळी लेक माझ्याआधी उठून सल्लागार शिक्षकांना भेटून आली होती. शाळेच्या पहिल्या घंटेच्या आधी, एकटी. जिचा हात वर्गात वर होत नाही ती.

शिक्षकांनी कारण सांगितलं नाही. कौन्सिलच्या बैठकीतलं बाहेर बोलायचं नसतं. फक्त एवढं म्हणाले, की तुझा तासांचा कागद घरी जाऊन एकदा बघ. सह्या बघ.

संध्याकाळी आम्ही दोघींनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. सर्व्हिस, म्हणजे सेवेचा खांब, आमच्या शाळेत तीस तासांचा. तिचे बासष्ट होते. मला त्याचा केवढा अभिमान! त्यातले अठ्ठेचाळीस आमच्या रविवारच्या मराठी शाळेतले: चोवीस रविवार, दर रविवारी दोन तास. चर्चच्या तळघरातल्या भाड्याच्या खोलीत ती लहान मुलांना बाराखडी गिरवून घेते, 'ळ' म्हणायला शिकवते (हे काम ज्यानं केलंय त्यालाच त्याचे कष्ट माहीत), गणपतीत त्यांच्याकडून आरती पाठ करून घेते. प्रत्येक रविवारच्या पुढे 'पर्यवेक्षकाची सही' असा रकाना. चोवीस ओळी, चोवीस सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेननं, एकाच बैठकीत केल्यासारख्या. तशाच केल्या होत्या. फॉर्म द्यायच्या आदल्या रात्री, याच टेबलावर, भाजीला फोडणी टाकता टाकता.

सही माझी होती. त्या वर्गाची शिक्षिका मीच.

आणि दुसऱ्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरात, शाळेचा नियम: घरच्या व्यक्तीची सही ग्राह्य धरली जाणार नाही.

बासष्टातून अठ्ठेचाळीस गेले, उरले चौदा.

लेकीनं मान वर केली. "आई, पण सही तूच केलीस ना?" आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मी म्हणाले, अगं, पण तू खरंच आली होतीस, मी खोटं कुठे लिहिलंय? ती म्हणाली, "त्यांना कसं कळणार?"

खरंच कसं कळणार? पाच परक्या माणसांसमोर एक कागद, त्यावर मुलीचं आडनाव आणि साक्षीदाराचंही तेच आडनाव. मिरजेच्या कारकुनानं तो कागद बघून 'चांगली' लिहून टाकलं असतं. त्यांनी मुलीला खोटारडी ठरवलं नाही, फक्त ते तास मोजले नाहीत. मी नऊ परिच्छेदांचा मेल पुसून टाकला. कॅरेक्टरवर अडली असं ज्या मुलीबद्दल मी दोन दिवस रडगाणं गात होते, ती बहुधा तिथे अडलीच नव्हती.

शाळेबद्दल माझी एक तक्रार मात्र अजून आहे. असा नियम पहिल्या पानावर ठळक अक्षरात हवा. ज्यांचे आईवडील इथेच शिकले त्यांना तो अंगवळणी पडलेला असतो. आमच्यासारख्यांची सगळी सेवाच घरगुती असते: मंडळाची पंगत, मराठी शाळा, कोणाच्या तरी आजीला डॉक्टरकडे नेणं. सही करणारं माणूस म्हणजे काकू, मामी नाहीतर आईच.

पुढच्या वर्षभरात तिनं गावच्या लायब्ररीत शनिवारी लहान मुलांना वाचून दाखवायचं काम धरलं. मराठी शाळाही सोडली नाही, फक्त कागद आमच्या संचालिकांकडे जाऊ लागला. त्या दर रविवारी घड्याळ बघून तास लिहीत. एकदा ती वीस मिनिटं उशिरा आली (गाडी मीच उशिरा काढली होती), तर त्यांनी दोनच्या जागी पावणेदोन लिहिले. मी काही बोलले नाही.

बारावीत तिचं झालं. समारंभाला शाळेच्या सभागृहात एका टेबलावर चार मेणबत्त्या होत्या, सेलवर चालणाऱ्या, कारण खरी ज्योत चालत नाही म्हणे. एकेक खांबाचं नाव घेऊन एकेक बटण दाबलं गेलं. कॅरेक्टरची मेणबत्ती जरा लुकलुकली आणि मग लागली. मुलांनी एका सुरात शपथ घेतली, लेकीचे ओठ हलताना दिसले, आवाज काही आला नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. सांगलीत पहाट झाली होती, अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या. "झालं का ते चारित्र्याचं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं, आणि पुढच्या रांगेतले दोन मराठी बाप वळून बघायला लागले.

कॉलेज प्रवेशाला याचा किती उपयोग, हे मला ग्रुपवर अजूनही विचारतात. दर वर्षी देशभरातल्या शाळांतून इतकी मुलं आत येतात, की नुसत्या नावानं कोणाचे डोळे दिपायची शक्यता कमी. वर्गणीचं म्हणाल तर शाखेला मुलांकडून वर्षाला वीस डॉलरच्या वर घेता येत नाही, त्यामुळे कोणी शेकडो डॉलर मागत असेल तर ती भलतीच कुठली तरी सोसायटी. एवढं सांगून मी गप्प बसते.

परवा रविवारी वर्ग सुटल्यावर एक नवीन आई आली. मुलगा दहावीत, आमच्याकडे बालवर्गाला मदत करतो. हातात तोच फॉर्म, पेनचं टोपण काढलेलं. "ताई, एवढ्या सह्या करून टाका ना. बालवर्ग मीच घेते, मग मीच करणार होते, पण म्हटलं तुम्हाला विचारावं."

मी आधी पान उलटून तळाची ओळ दाखवली. मग विचारलं, किती रविवार आला होता? ती म्हणाली, अकरा, नाही, बारा असतील. मी हजेरीची वही काढली. नऊ होते.