भिंतीवरचा पोपडा चालायला लागला तेव्हा

चिपळूणच्या आमच्या घरात पाऊस लागला की न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर भोपळ्याच्या बियांसारखे राखाडी, चपटे तुकडे दिसतात. इतकी वर्षं मी त्यांना चुन्याचे पोपडे समजत होते. जूनमध्ये कुंचा लावायला गेले, तर त्यातल्या एका तुकड्यातून तपकिरी डोकं बाहेर आलं. सहा बारीक पायांनी भिंत धरली आणि अख्खं घर ओढत पुढे सरकलं!

ही फेरिओईका नावाच्या छोट्या पतंगाची अळी. लोकरीला लागणारी कसर तिच्याच कुळातली, टिनिइडी.

पहिली अळी मी कोरड्या बरणीत ठेवली आणि ती आठवड्यात गेली. तिला दमट हवा लागते, हे मला उशिरा कळलं. फार वाईट वाटलं. दुसरीच्या बरणीत तळाशी ओला कापूस घातला, तोंडाला फडकं बांधलं, खायला जुनी जळमटं आणि केसांचं गुंतवळ. कापसाला तिने तोंड लावलं नाही. जळमटं मात्र संपत गेली. भिंत ती खात नाही. ती तिथे येते ते कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांसाठी.

मग चिमूटभर विटेची भुकटी टाकली. चार दिवसांत कोशाच्या दोन्ही टोकांना तांबडी कड! अळी वाढते तसा ती आपल्या रेशमाने कण चिकटवत कोश वाढवते. आतून रेशमाचंच अस्तर असतं. कोश दोन्हीकडून उघडा. आतल्या आत वळून ती हव्या त्या तोंडाने बाहेर डोकावते. पुढचं टोक कुठलं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

११ जुलैला ती बरणीच्या काचेवर चढली, कोश काचेला चिकटवला आणि निपचित झाली. एका टोकाच्या दोन्ही कडांना तिने बारीक चिरा पाडल्या होत्या, बाहेर पडताना दार सहज उघडावं म्हणून. आत्या रोज विचारायची, "हलली का गो?" मी मान हलवायचे.

२७ जुलैला दुपारी, जेवणाची पानं घेत असताना, काचेवर करडा पतंग दिसला. पंख पसरून जेमतेम सेंटिमीटरभर, वर काळसर ठिपके. मादी साधारण २०० अंडी भिंतीच्या आणि जमिनीच्या सांध्यातल्या फटींत चिकटवते. अंड्यापासून पतंगापर्यंत अडीच महिने जातात.

संध्याकाळी न्हाणीघराबाहेर फडकं सोडलं. बरणीतल्या कोशाच्या दारात जुनी कात अर्धी बाहेर आलेली तशीच होती. आत्याने ती चष्मा लावून दोनदा पाहिली.