आधी पाकोळ्या मोजा, मग छप्पर

आमचं घर इंग्लंडमधलं, व्हिक्टोरियन काळातलं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या जतन करायच्या वास्तूंच्या यादीतलं. घेताना ‘लिस्टेड’ म्हणून कॉलर ताठ झाली होती. ती उतरली एका नोव्हेंबरात, पोटमाळ्यावर बादली घेऊन चढताना. दोन पाखांच्या मधल्या शिशाच्या पन्हळीतून पाणी थेट वाशावर ठिबकत होतं.

छपराच्या कारागिराने दहा मिनिटांत निदान केलं. स्लेट, म्हणजे छपरावरच्या दगडी पाट्या, बऱ्याचशा धडधाकट होत्या. टिचकी मारली की चांगली स्लेट खणखणते, मेलेली बद्द वाजते. सडले होते ते लोखंडी खिळे. पन्हळीचा आजार वेगळा होता. आधीच्या कुणीतरी तिथे चार-चार मीटरचे अखंड पत्रे अंथरले होते. शिसं उन्हात बरंच पसरतं, गारठ्यात आकसतं. एवढ्या लांब पत्र्याला सरकायला जागा मिळाली नाही की तो आधी फुगतो, मग चिरतो. कोड ५ चा पत्रा (जाडी २.२४ मिलिमीटर) पन्हळीत दोन मीटरपेक्षा लांब घालायचा नसतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पायरी द्यावी लागते. पायरी द्यायची तर पन्हळीचा तळ उचलायचा. तळ उचलला की जुन्या बांधणीत बदल, आणि बदल म्हटला की लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे स्थानिक कौन्सिलची खास परवानगी. त्याशिवाय हात लावला तर १९९० च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा. होतं तसंच दुरुस्त केलं असतं तर बहुधा परवानगीची गरज पडली नसती, पण मग पत्रा पुन्हा चिरायला मोकळा.

या अर्जाला फी नसते. अख्ख्या प्रकरणात फुकट मिळालेली एवढी एकच गोष्ट. तीन आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं: अर्ज अपूर्ण, वटवाघळांची पाहणी जोडलेली नाही.

मी हसलो. आमच्याकडे कुठली वटवाघळं?

जानेवारीत पाहणीवाल्या बाई टॉर्च घेऊन आल्या. पोटमाळ्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या लेंड्या दोन वर्षं मी उंदराच्या समजून झाडत होतो. त्यांनी एक उचलून चिमटीत दाबली. तिचा भुगा झाला आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचा चुरा चमकला. उंदराची लेंडी अशी चुरत नाही, ती कडक राहते. म्हणजे आमच्या वळचणीला बिऱ्हाड होतं. पिपिस्ट्रेल नावाची छोट्या वटवाघळांची जात, आपण पाकोळ्या म्हणतो तसली. वजन पाचेक ग्रॅम, काड्यापेटीत मावेल एवढा जीव.

“मग मोजा आणि द्या अहवाल,” मी म्हणालो. तर म्हणे, मोजणी मे ते ऑगस्ट. थंडीत त्या निपचित पडलेल्या असतात. दिसल्या नाहीत म्हणून नाहीतच, असं सिद्ध होत नाही. बरं, त्या तिथे नसल्या तरी त्यांची जागा कायद्याने राखीवच.

आता हे वर्तुळ बघा. पाहणीशिवाय कौन्सिल निर्णय देणार नाही. पाहणी उन्हाळ्याशिवाय होणार नाही. पाकोळ्या निघाल्या तर छपराला हात लावायला वन्यजीव परवाना वेगळा, आणि कौन्सिलची मंजुरी हातात आल्याशिवाय त्याचा अर्ज करता येत नाही. यातला एकही माणूस माझ्याशी उद्धट बोलला नाही. उलट सगळे इतके नम्र की भांडायचीही सोय नव्हती. मी फोन करायचो, समोरचा दिलगिरी व्यक्त करायचा, बादली भरायची.

त्यात मी उतावळेपणा करून ठेवला होता. डिसेंबरातच परांची बांधून वर ताडपत्री टाकलेली. बाईंनी वर बघितलं आणि विचारलं, “ही आधीपासून आहे?” ताडपत्रीची कड नेमकी त्या वळचणीच्या फटीवर आली होती. पाकोळ्यांची ये-जा अडवणं हासुद्धा गुन्हाच. त्याच दुपारी तो कोपरा मोकळा केला, पाणी पुन्हा सुरू. परांचीचं भाडं आठवड्याच्या हिशोबाने असतं. सात आठवडे नुसतं भाडं भरून ती उतरवली. सगळे कागद हातात येईपर्यंत परांची बांधू नका, हे मोठ्याने सांगतो.

आणि पाहणीची वेळ जानेवारीतच ठरवून टाका. मी ठरवली म्हणून जूनची तारीख मिळाली. एप्रिलमध्ये फोन केलेल्या शेजाऱ्यांना पुढच्या वर्षावर ढकललं.

मे महिन्यात आईचा फोन. “शाकारून झालं का रे घर?” आमच्या कोकणात दोन गडी येतात नि दोन दिवसांत कौलं परतून जातात. तिला मी सांगितलं की इथे अजून पाकोळ्या मोजायच्या आहेत. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बरा आहेस ना?”

जूनमध्ये एका संध्याकाळी अंगणात दोन घडीच्या खुर्च्या, इन्फ्रारेड कॅमेरा आणि पाकोळ्यांचा आवाज पकडून टकटक वाजणारं यंत्र. सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने पहिली सुटली, मग एकामागून एक. सदतीस. सगळ्या माद्या, एकेकीचं एकेक पिल्लू आत. म्हणजे पिल्लं उडून पांगेपर्यंत काम बंद. राग होताच, पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी खुर्चीवरून उठलो नाही.

मंजुरी सप्टेंबरात, परवाना ऑक्टोबरअखेर, काम नोव्हेंबरात. बादली ठेवल्याला वर्ष झालं. प्रत्यक्ष काम पाच आठवड्यांत उरकलं: जुन्याच स्लेट, तांब्याचे खिळे, पन्हळीला पायऱ्या. स्लेटखाली आधुनिक हवा खेळती ठेवणारं कापड घालायचा कारागिराचा आग्रह होता. बाईंनी नाही म्हटलं. त्यातल्या कित्येकांचे धागे सुटतात आणि पाकोळ्या त्यात अडकून मरतात. बिट्युमेनचं, म्हणजे डांबराचं, जुन्या पद्धतीचं फेल्टच घातलं. त्यांची फटही होती तिथेच ठेवली.

हो, एक राहिलं. नव्या शिशाला त्याच दिवशी पॅटिनेशन ऑइल, म्हणजे पांढरे ओघळ टाळणारं तेल, लावून घ्या. आमच्याकडे एका तुकड्याला लावायच्या आत पाऊस आला आणि खालच्या स्लेटांवर पांढरे ओघळ उतरले, ते रस्त्यावरून दिसतात. आणि लिस्टेड घर म्हणून व्हॅटमध्ये सूट मिळेल या भ्रमात मी होतो, तसे राहू नका. मंजूर बदलांवरची सवलत २०१२ च्या ऑक्टोबरात संपली, दुरुस्तीवर तर सरळ २० टक्के.

परवान्याच्या अटीप्रमाणे या जूनमध्ये पुन्हा मोजणी आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही नसलात तरी चालेल. मी सुट्टी टाकली आहे.