ब्रूटसचे गद्य, अँटनीचे पद्य

अकरावीत आमच्या वर्गातली बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली होती, त्यामुळे इंग्रजीचे सर जादा तासांना शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' संपूर्ण वाचून घेणार असे कळताच काही हुशार मंडळींनी लगोलग गाईड पैदा केले. सरांनी ते जप्त केले नाही. नाटक एकदा सर्वांनी मोठ्याने वाचून होईपर्यंत गाईड घरी ठेवायचे, एवढीच त्यांची अट होती. शाळेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु मी आज स्वतः बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आणि ती अट मीही घालतो, म्हणून लिहितो आहे ते त्या तासांविषयीच.

आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली मुले. गावच्या जत्रेतले नाटक, त्याआधी महिनाभर चालणाऱ्या तालमी, विंगेतला प्रॉम्प्टर, राजापार्ट करणाऱ्याचे लांबलचक स्वगत, हे सगळे आमच्या अंगवळणी पडलेले होते. सरांनी नेमके तेच हाताशी धरले. गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'वरून आलेले आहे आणि आगरकरांनी 1883 साली 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले होते, हे त्यांनी पहिल्याच तासाला सांगितले, तेव्हा या लेखकाचा आपल्या रंगभूमीशी घरोबा जुना आहे, हे ऐकून वर्गातली निम्मी भीती ओसरली. (सरांचे इंग्रजी उच्चार अस्सल अंत्रुजी, म्हणजे फोंड्याकडच्या वळणाचे, होते आणि ते बदलण्याचा खटाटोप त्यांनी कधी केला नाही, याचाही आम्हाला धीर वाटला असावा.)

तिसऱ्या अंकातला सभेचा प्रवेश, ज्यात सीझरच्या खुनानंतर कटातला ब्रूटस आणि सीझरचा मित्र अँटनी रोमच्या लोकांपुढे बोलतात, तो मात्र त्यांनी पुस्तकातून शिकवलाच नाही. दोघांना ब्रूटस आणि अँटनी केले, उरलेल्या वर्गाला रोमचे नागरिक, आणि प्रत्येक भाषणानंतर नागरिकांनी कौल द्यायचा असे ठरवले. ब्रूटसचे भाषण संपले तेव्हा वर्ग एकमुखाने त्याच्या बाजूचा होता. त्यानंतर सरांनी एका नागरिकाचे वाक्य पुन्हा वाचायला लावले: ब्रूटसलाच सीझर करा, असे तो ओरडतो. ज्याने एकाच माणसाच्या हाती सत्ता एकवटू नये म्हणून मित्राचा जीव घेतला, त्यालाच हा नागरिक सत्ताधीश करायला निघाला आहे. मग त्याला भाषणातले काय समजले, असे सरांनी विचारले, तेव्हा टाळ्या वाजवणारे आम्ही खाली पाहू लागलो. पुढे अँटनी बोलू लागला, आणि ब्रूटस सन्माननीय माणूस आहे हे वाक्य तो पुन्हापुन्हा म्हणत असताना दर वेळी त्याचा अर्थ कसा थोडाथोडा घसरत जातो, हे कोणी समजावून न सांगताही आम्हाला ऐकू आले. ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात, हेही वाचताना श्वास कुठे थांबतो यावरून वर्गातल्या एका प्रॉम्प्टरनेच ओळखले. असे का केले असेल, यावर तो तास आणि पुढचाही तास गेला. लगेच नंतरच्या छोट्या प्रवेशात, केवळ कटवाल्या सिनाशी नाव जुळते म्हणून जमाव एका कवीचा बळी घेतो. परीक्षेच्या दृष्टीने हा प्रवेश बिनमहत्त्वाचा समजला जातो, पण सरांच्या मते भाषणांचा खरा निकाल तिथेच लागत होता, आणि मलाही तसेच वाटते.

कादंबरीसाठी त्यांची रीत निराळी होती. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' 1860 च्या डिसेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली, म्हणून आम्हीही ती शनिवारी हप्त्यानेच वाचली. कादंबरीचा बालनायक पिप भट्टीतली कानस चोरून धुक्यातल्या दलदलीकडे पळतो, तिथे पहिला हप्ता संपला आणि सरांनी पुस्तक मिटले. पुढचे पान घरी चोरून वाचण्यासाठी मुलांनी ग्रंथालयातली एकुलती एक प्रत पळवापळवी करून फाडायची बाकी ठेवली होती. कादंबरीच्या बाबतीत कथानक आधी मराठीत सांगायला त्यांची हरकत नसे. नाटकाच्या बाबतीत ते सक्त नकार देत.

आजच्या मुलांना गाईड विकत घ्यावे लागत नाही, प्रत्येक प्रवेशाचा सारांश त्यांच्या मोबाईलवर तयार असतो. मी तोही बंद करत नाही. सभेचा प्रवेश वाचून, कौल देऊन झाल्यावर त्यांना तो सारांश उघडायला सांगतो आणि ब्रूटसला सीझर करू पाहणारा नागरिक त्यात सापडतो का ते शोधायला लावतो.