बोट गेलं त्या रात्री केस पेपरवर काय लिहिलं

प्रेस शॉपमध्ये सात वर्षं काढलीत मी, त्यामुळे कुणी "त्याचं लक्ष नव्हतं म्हणून बोट गेलं" असं म्हणालं ना की माझं डोकंच फिरतं. जुन्या पॉवर प्रेसला (पत्रा दाबून कापायचं, वाकवायचं मशीन) पिन क्लच असतो, पेडल दाबलं की रॅम, म्हणजे वरचा जड भाग, खाली येणार म्हणजे येणारच, पूर्ण फेरी मारल्याशिवाय तो मध्ये थांबत नाही, आणि ती पिन किंवा तिची स्प्रिंग झिजली की पेडलवरून पाय काढला तरी रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. आम्ही म्हणायचो मशीन डबल मारतंय. सुपरवायझरला सांगितलं की एकच उत्तर, आजची शिफ्ट काढा, उद्या बघू.

आमच्या लाईनवरच्या एका पोराचं तर्जनीचं दोन पेर असंच गेलं. वय 30. जॉब, म्हणजे मशीनमधला तुकडा, चिमट्यानेच काढायचा असतो हे त्यालाही माहीत होतं, पण चिमट्याने काढत बसलं तर टार्गेट होत नाही, आणि डायच्या, म्हणजे साच्याच्या, पुढचा गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असतो तो आडोसा, तर मी लागायच्या आधीच काढून भिंतीला टेकवून ठेवलेला, त्याच्यावर बोटभर धूळ.

रिक्षातून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, आणि तो काही बोलायच्या आत सुपरवायझर म्हणाला, "घरी दरवाज्यात सापडलं." केस पेपरवर तेच लिहिलं गेलं. मी शेजारीच उभा होतो, त्याच्या हाताला गुंडाळलेला फडका धरून, आणि मी गप्प बसलो.

हे सगळं लिहितोय ते त्या एका वाक्यासाठी. कारण भरपाई मागायची तर इजा कामावर, कामामुळे झाली हे दाखवावं लागतं, आणि पहिल्या रात्रीचा कागद हाच सगळ्यात आधी बघितला जातो. कुणाला घेऊन गेलात तर डॉक्टरांना स्वतः सांगा, मशीनवर झालं, अमुक वाजता, अमुक मशीन, आणि ते लिहिलंय का ते वाचून घ्या. मशीनचा फोटो काढा. कंपनीच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा.

चौथ्या दिवशी मालकाचा माणूस 20,000 रुपये आणि एक टाईप केलेला कागद घेऊन त्याच्या घरी आला, कागदावर लिहिलेलं, पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली, काही तक्रार नाही. नशीब की त्याच्या बायकोने सही करू दिली नाही! खरं तर तशी सही केली असती तरी हक्क सोडून देणारा करार कायद्याने चालतच नाही, एकरकमी तडजोड करायची तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, पण हे त्या वेळी कुणाला माहीत होतं.

आता हिशोब बघा. त्याची केस 1923 च्या भरपाई कायद्याखाली चालली (आता हा विषय 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय). शॉपमध्ये दहापेक्षा कमी माणसं, म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नव्हतं. ईएसआय असतं तर पैसे तिकडून मिळतात, बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के. या कायद्यात महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाप्रमाणे कायद्यात ठरलेला आकडा, 30 व्या वर्षी तो 207.98 आहे, आणि त्यातून किती टक्के अपंगत्व ते. तर्जनीची दोन पेरं म्हणजे 11 टक्के, पूर्ण तर्जनी 14, अंगठा 30. 15,000 पगारावर त्याचे होतात 2,05,900. आणि समोर ठेवले होते 20,000.

शिवाय महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, उपचाराचा खर्च वेगळा. निष्काळजीपणा झाला म्हणून हक्क जात नाही, कामगाराने मुद्दाम गार्ड काढला किंवा तो दारू पिऊन होता असं मालकाने सिद्ध केलं तर वेगळी गोष्ट, आणि तिथेसुद्धा मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मालक सुटत नाही. ठेकेदाराचा माणूस असलात तरी मूळ कंपनीकडे मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता तिथेही टाकता येतो, हे गावी परत गेलेल्यांनी लक्षात ठेवा.

त्याच्या दाव्यात मी साक्ष दिली. समोरच्या वकिलाने तो केस पेपर दाखवून विचारलं, तुम्ही तिथेच होतात तर डॉक्टरांना त्याच वेळी का नाही सांगितलं? मी खरं तेच सांगितलं, नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो. मग त्याने विचारलं, गार्ड कुठे होता, मी म्हणालो भिंतीला टेकवलेला, पहिल्या दिवसापासून.