चिखलदऱ्याचा घाट सोपाय, सेमाडोहहून वापस येऊन दाखवा

अमरावतीत सायकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा, मोठी राईड म्हटलं की तो चिखलदऱ्याचंच नाव घेणार. घाट चढला, भीमकुंडापाशी फोटो काढला, स्टेटसला टाकला, झालं. माझं म्हणणं असं की या भागातला सगळ्यात सोपा चढ तोच आहे (शिव्या नंतर द्या, आधी वाचा). खरा रूट म्हणजे अमरावती, परतवाडा, चिखलदरा, तिथून पलीकडं सेमाडोहला उतरायचं आणि घटांगवरून परत परतवाड्याला येऊन अमरावती गाठायची. दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या सायकल राईडमध्ये) 200 किलोमीटरला साडेतेरा तास देतात, तेच घड्याळ मी आणि माझ्या दोस्तानं स्वतःलाच लावून घेतलं होतं. मेडल वगैरे काही नाही, हौस.

नोव्हेंबर महिना, अंधारातच निघालो. वलगावला पेढी नदी लागते, गाडगेबाबांनी 1956 मध्ये देह ठेवला तो इथंच. पुढं आसेगावला पूर्णा. परतवाड्यापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर जवळपास सपाट, आणि सपाट म्हणून पोट्टे इथंच ताकद घालवून बसतात. आम्ही मुद्दाम हळू चालवत होतो. दोन्ही बाजूला कपाशी फुटलेली, तूर उभी, मधेच कापूस भरलेला मेटॅडोर बाजूनं गेला की सायकल हलते. पाणी मात्र घरूनच भरून न्या, हा पूर्णेचा खारपाण पट्टा आहे, हापशीचं पाणी कुठं गोड निघेल कुठं मचूळ काही भरवसा नाही, आणि घामानं आधीच तोंड खारट झालेलं असतं त्यात अजून ते नको.

परतवाड्यात आलुबोंडा, तर्री, दोन कप चहा. टपरीवर एक काका आमच्या हेल्मेटकडं बघत होते. “कोठी चालले भाऊ?” चिखलदरा म्हटलं. “काहून बाप्पा, यष्टी बंद हाय का आज?” याला उत्तर नसते, हसायचं आणि बाटल्या भरायच्या.

धामणगाव गढी सोडलं की चढ सुरू होतो. परतवाडा साडेतीनशे-चारशे मीटरवर आणि चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे सातशेच्या आसपास मीटर चढायचे, पण ते वीसेक किलोमीटरमध्ये पसरलेले आहेत. छोट्या गिअरवर टाकून बसलं तर बोलत बोलत चढता येतं. आम्ही बोललोही, संत्र्याच्या भावावर! मोथ्याजवळ म्हशी रस्ता अडवून उभ्या होत्या, इथं गवळ्यांची वस्ती आहे, खवा चांगला मिळतो, थोडा घेतला आणि उभ्याउभ्याच संपवला. चिखलदऱ्यात कॉफी प्यायलो. विदर्भात कॉफीचं पीक येतं ते इथंच, हे नागपूरच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. गाविलगड यावेळी सोडला, किल्ला बघायला गेलो की दिवस गेला.

आता भूगोल सांगतो, कारण सगळा त्रास तिथंच आहे. गाविलगडची रांग पूर्व-पश्चिम आडवी पडली आहे, अलीकडचं पाणी पूर्णेला जातं आणि पलीकडचं सिपना नदीतून तापीला. चिखलदऱ्याहून आलो तसेच खाली आलो तर रांग एकदाच चढावी लागते. सेमाडोहला उतरलो म्हणजे आपण सिपनेच्या खोऱ्यात, रांगेच्या मागं जाऊन पडलो. घरी जायचं तर तीच रांग पुन्हा चढायची, तीही शंभरावर किलोमीटर झाल्यावर, दुपारी.

उतार लय भारी आहे पण मजा घेता येत नाही. साग दाट, वळणावर समोरचं काही दिसत नाही, सावलीतले खड्डे तर चाक त्यात गेल्यावरच कळतात. माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत, ते सतत दाबून ठेवले की रिम तापते, म्हणून दाबायचे-सोडायचे, दाबायचे-सोडायचे, खाली येईपर्यंत पायापेक्षा हातच दुखायला लागले. आणि हा मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, देशात 1973-74 मध्ये जे पहिले नऊ झाले त्यातला. वाघ काही दिसला नाही, वानरं भरपूर. पण अंधार पडायच्या आत जंगलातून बाहेर निघायचं हा आमचा पक्का नियम, साडेतेरा तासाचं गणित गेलं चुलीत.

सेमाडोहला माझ्या फोनला रेंज नव्हती. वरण-भात खाल्ला, दोस्त म्हणाला दहा मिनिटं आडवा होतो, मी होऊ दिलं नाही.

घटांगचा चढ कागदावर चिखलदऱ्यापेक्षा कमीच आहे. पण सकाळी ज्या गिअरवर गप्पा मारल्या त्याच गिअरवर इथं दोघंही गप्प, मांड्या भरून आलेल्या, मागून ट्रक घाटात पहिला गिअर टाकून रडत येतो आणि आपल्याहून जरासाच जोरात जातो, म्हणजे त्याचा धूर आपल्याला अख्खा मिळतो. दर तीन-चार किलोमीटरला थांबत होतो. थांबलो की गूळ-शेंगदाणे. एका कोरकू बाईनं मोळी डोक्यावरून न उतरवता आमच्याकडं बघितलं आणि चढ आमच्यापेक्षा निवांत चढून गेली, त्यानंतर दोस्तानं कुरकुर बंद केली.

घटांगला चहा घेतला आणि दिवस मावळेस्तोवर परतवाड्यात उतरलो. पुढचे पन्नास अंधारात, समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारत येतो, रिफ्लेक्टर जॅकेट नसेल तर हा टप्पा करूच नका. साडेतेरा तासांत बसलो का? नाही बसलो, बरंच वर गेलं.

दोस्ताचं म्हणणं, पुढच्या वेळी उलटा करू, घटांग सकाळी उरकून टाकू. मी म्हटलं मग सेमाडोहहून चिखलदऱ्याचा चढ दुपारी येईल, तो तर याच्याहून लांब आहे. तो म्हणतो, पण शेवटी उतार सरळ परतवाड्यापर्यंत मिळेल. यावर अजून भांडण चालू आहे. कोणी उलटा केला असेल तर सांगा.